मागचा ब्रेक जाम झाला तर आधी कॅम बघा

मागचं चाक जाम झालेली गाडी गॅरेजला गेली की बहुतेक वेळा नवे लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारं अस्तर) पडतात, चाक फिरू लागतं आणि पुढच्या पावसाळ्यानंतर तीच गाडी त्याच तक्रारीने परत येते. लायनर बदलताना ब्रेकची प्लेट (ड्रमचं झाकण) हातात आलेली असते, शू (लायनर चिकटवलेल्या अर्धगोल पट्ट्या) निघालेले असतात, पण प्लेटमध्ये बसलेला कॅम, म्हणजे फिरून शू फाकवणारी दांडी, कोणी काढत नाही. तो काढायला वेळ लागतो आणि गिऱ्हाइकाला त्याचे पैसे सांगता येत नाहीत. जुन्या गाडीत अडकलेली वस्तू बहुतेक वेळा हा कॅमच असतो. म्हणून हे काम करताना सगळ्यात जास्त वेळ त्याच्यावरच घालवायला हवा.

इथे लिहिलेलं काम एका जुन्या हिरो होंडा स्प्लेंडरवर केलेलं आहे. गाडी कोकणात खाडीकाठच्या गावी दोन पावसाळे पत्र्याच्या शेडखाली उभी होती. मागच्या ड्रमच्या आत एक कॅम आणि दोन शू. सीडी १०० असो, पॅशन असो की जुनी बुलेट, मापं बदलतात पण रचना हीच.

खाऱ्या हवेत नेमकं काय होतं ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. ब्रेक प्लेट ॲल्युमिनियमची ओतीव, कॅमची दांडी पोलादाची. दोघांच्या मधल्या फटीत ग्रीस असतं आणि बाहेरच्या तोंडाशी एक फेल्टची चकती असते. कारखान्यात भरलेलं ते ग्रीस वर्षानुवर्षं तसंच राहतं, सुकून मेणासारखं घट्ट होतं. फेल्ट कोरडं पडलं की पाणी आणि जांभ्याची लाल माती आत शिरते. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, एवढं जमलं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि त्याची पांढरी भुकटी तयार होते. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणून दांडी चिमट्यात धरल्यासारखी आवळली जाते. पाय दाबल्यावर पायाचा जोर तिला फिरवतो. पण परत फिरवायला आतल्या दोन स्प्रिंगांचाच जोर असतो आणि तो पुरत नाही. ब्रेक लागतो तो सुटतच नाही.

काहीही सोडण्याआधी अडकलंय कुठे ते शोधायचं. गाडी मधल्या स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. ब्रेकच्या रॉडच्या टोकाचा ॲडजस्टर नट पूर्ण काढायचा आणि रॉड ब्रेकच्या आर्ममधून, म्हणजे कॅम फिरवणाऱ्या पट्टीतून, बाहेर ओढायचा. आर्ममधली छोटी गोल जॉइंट पिन आणि रॉडवरची स्प्रिंग लगेच रॉडवर परत चढवून नट दोन आटे फिरवून ठेवायचा. ती पिन मातीत पडली की सापडत नाही. आता आर्म हाताने हलवून बघायचा. रॉड सुटताच आर्म आपोआप मागे गेला आणि चाक मोकळं झालं, तर ड्रमच्या आत काही बिघडलेलं नाही. दोष पेडलच्या बाजूला आहे. बऱ्याच १०० सीसी गाड्यांत ब्रेकचं पेडल खाली, मधल्या स्टँडच्या नळीवरच फिरतं; तिथे चिखल बसतो आणि पेडल खालीच अडकून राहतं. अशा वेळी पेडल काढून नळी पॉलिश पेपरने साफ केली, ग्रीस लावलं आणि पेडलची स्प्रिंग तपासली की काम झालं. चाक काढायची गरजच नाही.

आर्म जागचा हललाच नाही तर कॅम जाम आहे. आर्म मोकळा फिरतोय पण चाक फिरत नाही, असं असेल तर लायनर गंजाने ड्रमला चिकटलेत किंवा लायनरचा तुकडा शूवरून सुटून मध्ये पाचरीसारखा बसलाय. या गाडीत कॅम जाम होता आणि लायनरही चिकटलेले होते. दोन पावसाळे उभ्या राहिलेल्या गाडीत असं दोन्ही एकदम सापडणं नेहमीचंच. चाक मोकळं असूनही फिरताना घासतंय, खरखरतंय, अशी तक्रार असेल तर चेन अति घट्ट आहे का आणि बेअरिंग गेलंय का हे आधी बघावं. पुष्कळदा दोष ब्रेकवर टाकला जातो आणि खरा दोष बेअरिंगचा निघतो.

चिकटलेलं चाक सोडवायला सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे गाडी स्टँडवरून उतरवून न्यूट्रलमध्ये मागे ढकलणं, मग पुढे, पुन्हा मागे. सुरुवात मागूनच करावी. लायनरचा सुटा तुकडा पुढे फिरताना पाचर बनून बसलेला असतो, तो उलट फिरवल्यावर सैल होतो. नुसता गंज धरलेला असेल तर ‘कट्’ आवाज होऊन चाक सुटतं. इंजिन चालू करून, गिअर टाकून, क्लच झटक्यात सोडून चाक सोडवायचा प्रकार कित्येक जण करतात. तो कधीही करू नये. सगळा झटका चेन, हबमधली (चाकाच्या मधल्या भागातली) रबरं आणि प्लेटला फिरू न देणाऱ्या टॉर्क आर्मवर येतो आणि शूवरून लायनर सोलून निघतो.

ढकलून सुटलं नाही तर हबच्या बाहेरच्या गोल भागावर लाकडी किंवा रबरी हातोडीने चहूबाजूंनी हलके ठोके द्यायचे. हब ॲल्युमिनियमचा आणि आत बिडाचं कडं आहे हे लक्षात ठेवायचं. लोखंडी हातोडीने स्पोकच्या भोकांजवळची कडा फुटते आणि मग हबच बदलावा लागतो. ठोके देताना दुसऱ्या माणसाने आर्म पान्याने धरून ब्रेक सुटण्याच्या दिशेला हलका ताण द्यावा. लावण्याच्या दिशेला अजिबात नाही.

चाक काढताना टॉर्क आर्मच्या नटातली स्प्लिट पिन सरळ करून काढली, नट सोडला, मग एक्सलचा नट. या गाडीत एक्सल ओढला की ब्रेकच्या बाजूचा स्पेसर मोकळा होतो आणि चाक रबरांवरून सरकवून, गाडी कलती करून बाहेर घेता येतं; चेन आणि मागचं चक्र जागेवरच राहतं. खाऱ्या हवेतल्या गाडीत एक्सल सहज निघत नाही, कारण स्पेसर त्याच्यावर गंजून बसलेला असतो. नट परत टोकाशी सपाट येईल इतका चढवायचा, त्यावर लाकडाचा ठोकळा धरून ठोकायचं. उघड्या आट्यांवर हातोडी मारली की टोक पसरतं आणि एक्सल आतून जातच नाही.

प्लेट ड्रममधून निघत नसेल तर ड्रमच्या तोंडाशी कंगोरा तयार झालेला असतो. लायनर जिथे घासतो तिथे ड्रम झिजून खोलगट होतो आणि बाहेरची कडा उंच राहते. शू त्या कड्यात अडकतात. कॅम सुटण्याच्या दिशेला पूर्ण फिरवून प्लेट थोडी थोडी चहूबाजूंनी उचलत आणावी लागते. कॅमच जाम असेल तर हे काम चिवट होतं आणि इथे घाई केली की प्लेटची कड तुटते. अशा वेळी फटीतून गंज सोडवणारं तेल सोडलं तरी चालेल, मात्र मग ते लायनर पुन्हा वापरायचे नाहीत.

आत दिसणारी काळी-तांबडी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याचे तंतू फुप्फुसात कायमचे राहतात. साबणाचं पाणी मारून ओल्या फडक्याने पुसायचं, तोंडाला मास्क लावायचा आणि फडकं पिशवीत बांधून टाकून द्यायचं. गॅरेजमध्ये पोरं ही धूळ तोंडाने फुंकतात, ते बघवत नाही.

शू काढताना दोन्ही शू बाहेरच्या कडेने धरून वर उचलत मध्याकडे दुमडले की स्प्रिंगांचा ताण सुटतो आणि जोडी अख्खी हातात येते. स्क्रू ड्रायव्हरने स्प्रिंग उचकटायची गरज नाही. तशी ताणलेली स्प्रिंग परत पूर्वीसारखी होत नाही.

आता कॅम. आर्मवर आणि कॅमच्या टोकावर ठिपक्याच्या खुणा असतात, त्या समोरासमोर असतात. गंजाखाली दिसत नसतील तर छिन्नीने स्वतः बारीक खूण करून घ्यायची. आर्मचा १० नंबरचा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, तो पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण तो दांडीवरच्या खाचेतून आडवा जातो. हे माहीत नसल्यामुळे कित्येक आर्म उचकटून वाकवले जातात. आर्मखाली झिजेचा बाण दाखवणारी पत्री, तिच्याखाली फेल्ट. त्यानंतर कॅम आतल्या बाजूला ढकलला की निघायला हवा.

तो निघाला नाही. अशा वेळी दोन्ही तोंडांतून गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर ठेवायचं. बाजारातला स्प्रे नसेल तर डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं निम्मं चालतं, फक्त वेळ जास्त लागतो. सकाळी आर्म परत चढवून दोन-तीन अंश पुढे, दोन-तीन अंश मागे असं हलवायचं. एकाच दिशेला जोर लावला तर आर्मचे दाते घसरतात. तरी हलला नाही तर ऊब द्यायची. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. उकळतं पाणी प्लेटच्या त्या भागावर ओतलं की भोक दांडीपेक्षा साधारण एक शतांश मिलिमीटरने जास्त मोठं होतं. ऐकायला कमी वाटतं, पण तेल आत ओढलं जायला तेवढं पुरतं. हॉट एअर गन असेल तर उत्तम. गॅसची ज्योत लावायची नाही, प्लेट तेलाने भिजलेली आहे. पाणी, हलवणं, तेल, पुन्हा पाणी, असं करत दांडी हळूहळू जास्त जास्त फिरू लागते आणि बाजूने पांढरट-तपकिरी लगदा बाहेर येतो. पूर्ण फिरू लागल्यावरच बाहेर ठोकायची; प्लेट खालून सॉकेट पान्याच्या मोठ्या गोटीवर टेकवून आणि दांडीवर पितळी किंवा तांब्याचा तुकडा धरून. आधार न देता ठोकलं तर प्लेटला तडा जातो.

बाहेर आलेली दांडी ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने तेल लावून साफ केली. भोकातली भुकटी काढायला तोच कागद पेन्सिलीएवढ्या काडीला गुंडाळून हलक्या हाताने फिरवायचा. भोक मोठं करायचं नाही, फक्त भुकटी काढायची. दांडी कोरडी घालून बघितली की ती स्वतःच्या वजनाने आत सरकली पाहिजे आणि आडवी हलवल्यावर खडखडली नाही पाहिजे. खडखडत असेल तर प्लेट बदलायची किंवा लेथवाल्याकडून बुश टाकून घ्यायचा. कॅमच्या दोन सपाट तोंडांवर शूच्या टाचेने पाडलेली खाच नखाला लागत असेल तर कॅमही नवा घ्यावा. त्या खाचेत शू अडकतो आणि ब्रेक झटक्याने लागतो.

शूचा लायनर नवा असताना साधारण ४ मिलिमीटर जाड असतो. २ मिलिमीटरला आला की टाकायचा. या गाडीचे लायनर जाडीने चांगले होते, तरीही ते बाद केले. शू ॲल्युमिनियमचे आणि लायनर डिंकाने चिकटवलेला असतो. डिंकाखालचा धातू खाल्ला गेला की लायनरची कड उचलली जाते. पातळ पातं कडेखाली शिरतंय का बघायचं आणि पान्याने हलकं वाजवायचं. चिकटलेला लायनर खणखणीत वाजतो, सुटलेला भद्द आवाज देतो. चालत्या गाडीत हा तुकडा सुटला तर मागचं चाक एका क्षणात जाम होतं. म्हणून जाडी शिल्लक आहे या कारणाने असे लायनर ठेवण्याचा हट्ट करू नये.

जाड लायनर असतानाही बाण बघायची सवय ठेवावी. लायनर झिजतात तसा कॅम जास्त फिरावा लागतो, आणि तो ९० अंशांच्या जवळ गेला की शू त्याच्या टोकावर टेकतात आणि स्प्रिंगा त्याला मागे फिरवू शकत नाहीत. ॲडजस्टर संपला म्हणून आर्म एक दाता मागे घेऊन लावायची युक्ती सर्रास चालते. त्यानं नेमकं हेच संकट जवळ येतं. बाणाची पत्री रुंद दात्यामुळे कॅमवर एकाच प्रकारे बसते, आर्म कसाही लावला तरी ती खरी झीज दाखवते. पूर्ण ब्रेक दाबल्यावर बाण प्लेटवरच्या खुणेला भिडला की नवे लायनर, दुसरा इलाज नाही.

ड्रमवरचा तांबूस गंज ८० नंबरच्या कागदाने तिरप्या रेघा येतील असा घासला आणि ब्रेक क्लीनरने धुतला. रॉकेल किंवा डिझेलने धुऊ नये, मागे तेलाचा थर राहतो. आतला व्यास तीन ठिकाणी मोजायचा. १३० मिलिमीटरच्या ड्रमला सहसा १३१ मिलिमीटरपर्यंतच मुभा असते आणि कमाल माप हबवर कोरलेलं असतं. तीन मापांत फरक आला तर ड्रम लंबगोल झालाय. लेथवर नेण्याआधी स्पोक बघावेत. एका बाजूचे स्पोक अति ताणले की तेच हबला ओढून लंबगोल करतात. चाकाची आउट (डुगडुग) काढल्यावर कधी कधी ड्रमही सरळ येतो. तोंडाचा कंगोरा मात्र लेथवरच उतरवून घ्यावा.

ग्रीस लावायला मोलिब्डेनम असलेलं किंवा जास्त उष्णता सोसणारं लिथियम ग्रीस वापरायचं. दांडीवर पातळ थर, कॅमच्या दोन तोंडांवर आणि शूची दुसरी टोकं टेकतात त्या अँकर पिनवर प्रत्येकी मुगाच्या दाण्याएवढं. त्याहून जास्त लावलेलं ग्रीस तापून वितळतं आणि लायनरवर उडतं, मग सगळं काम वाया. फेल्टची चकती नवी मिळाली तर नवी, नाही तर जुनीच धुऊन वाळवून इंजिन ऑइलच्या थेंबांनी भिजवायची, टपकणार नाही इतपत. ही चकती पाच-दहा रुपयांच्या किमतीची गोष्ट म्हणून फेकून दिली जाते आणि जाम होण्याची सुरुवात तिथूनच होते. पत्री रुंद दात्यावर, आर्म ठिपक्यावर, बोल्ट खाचेतून, आणि मग स्प्रिंगांसकट शू. स्प्रिंगाही नव्याच टाकाव्या, गंजलेल्या स्प्रिंगांचे आकडे तुटतात. नव्या लायनरच्या दोन्ही टोकांच्या कडा कानशीने थोड्या उतरवल्या की किंचाळणं टळतं. लायनरला हाताचं ग्रीस लागू द्यायचं नाही.

चाक चढवताना आधी चेन, नंतर ब्रेक. चेन ताणायला चाक मागे सरकलं की ब्रेकचा प्ले (पेडलची मोकळी चाल) बदलतो, म्हणून उलट क्रमाने केलं तर दोनदा काम. चेनचा झोल २० ते ३० मिलिमीटर ठेवून एक्सल आणि टॉर्क आर्म हातानेच लावले, मग ब्रेकचं पेडल जोरात दाबून धरायला लावलं आणि तसं दाबलेलं असतानाच टॉर्क आर्मचा आणि एक्सलचा नट आवळला. पेडल दाबलेलं असलं की दोन्ही शू ड्रमला टेकतात आणि प्लेट आपोआप मध्यावर बसते. हे न केल्यामुळे नवे लायनरही एका बाजूला घासत राहतात आणि गॅरेजवाला म्हणतो की बसतील हळूहळू. टॉर्क आर्मची स्प्लिट पिन नवीच टाकायची. तो आर्म सुटला तर प्लेट चाकाबरोबर फिरते, रॉड वाकतो आणि चाक जाम होतं.

पेडलचा मोकळा प्ले २० ते ३० मिलिमीटर. ॲडजस्टर नटाची अर्धगोल खाच जॉइंट पिनवर नीट बसली पाहिजे, नाही तर ती चालताना बसते आणि प्ले वाढतो. पूर्ण दाबल्यावर रॉड आणि आर्ममधला कोन साधारण काटकोन दिसावा. ब्रेक लाइटचा स्विच ब्रेक धरण्याच्या किंचित आधी लागेल असा जुळवायचा. प्ले बदलला की हा नेहमी विसरला जातो.

पेडल दहा-बारा वेळा पूर्ण दाबून सोडलं आणि दर वेळी चाक हाताने फिरवून बघितलं. नव्या लायनरचा हलका ‘सुर्र’ आवाज चालतो. सोडल्यावर आर्म आळसावून मागे येणं चालत नाही. पहिली फेरी दोन-तीन किलोमीटरची, मागचा ब्रेक शक्यतो न वापरता, आणि परत आल्यावर हबवर पाण्याचे थेंब टाकायचे. ते चुरचुरून उडाले तर ब्रेक अजून धरतोय. हब नुसता कोमट असेल तर रिकाम्या रस्त्यावर ४० च्या वेगावरून १० पर्यंत मध्यम जोराने पंधरा-वीस वेळा ब्रेक लावून लायनर बसवायचे, प्रत्येक वेळी मध्ये थोडं अंतर तसंच चालवून ड्रम थंड होऊ द्यायचा. सुमारे ३०० किलोमीटरनंतर प्ले पुन्हा तपासायचा, तेव्हा नट एक-दोन खाचा आवळावा लागतो.

गाडी धुतल्यावर किंवा पावसातून आल्यावर लगेच उभी करू नये. शेवटच्या शंभर मीटरमध्ये मागचा ब्रेक हलका धरून ड्रम कोरडा करावा. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईच्या किनाऱ्याला गाडी असेल तर मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी, दर वर्षी कॅम बाहेर काढून ग्रीस करावा. मोकळा कॅम काढून परत बसवायला चाकासकट तासभर लागतो, जाम झालेल्याला दोन दिवस.